जशी आहे तशी

दुरुस्तीला आलेली शिडाची होडी विकायची असेल, तर आधी तिला रंग देऊ नये. आमच्या नेरुळच्या सोसायटीत जो तो मला नेमका उलटा सल्ला देत होता. "काका, वरून एक हात मारून घ्या. चकचकीत दिसली की गिऱ्हाईक खूश." जुन्या स्कूटरला हे चालत असेल. पण ज्याला होडीतलं कळतं तो ताजा रंग पाहिला की त्याखालची भेग शोधायला लागतो, आणि न दिसलेल्या भेगेचा खर्च मनात दुप्पट धरतो. ज्याला काही कळत नाही, त्याच्या गळ्यात होडी मारून पुढे वर्षभर त्याचे फोन घेत बसायची माझी तयारी नव्हती.

होडी एंटरप्राइज वर्गातली, दोघांनी चालवायची डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी. लांबी चार मीटरच्या किंचित वर, शिडं दोन आणि दोन्ही निळी. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली हा नमुना काढला, तो प्लायवूडमधून हौशी माणसाला घरीही बांधता यावा म्हणून. पुढे एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू आणि कडक होणाऱ्या रेझिनच्या (फायबरग्लासच्या) होड्या निघाल्या, माझी त्यातलीच. १९८२ची एशियाड दिल्लीत झाली, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तेव्हा एंटरप्राइज वर्गाचं सुवर्णपदक पाकिस्तानच्या बायराम आणि गोश्पी अवारी या नवरा-बायकोच्या जोडीने नेलं. हा किस्सा मी होडी बघायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवला. भावात त्याने एका रुपयाचाही फरक पडला नाही.

मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाने शर्यती सोडल्या तेव्हा त्याच्याकडून मी ती घेतली होती. हिवाळाभर बेलापूर-दिवाळे भागातल्या खाडीत काढायचो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा आणि दुपार कलली की समुद्राकडून खारा वारा, या दोहोंच्या मधल्या पडीत नुसतं तरंगत बसायचं. विकायचं कारण साधं होतं. आमची बिल्डिंग सिडकोच्या जमान्यातली, ती पुनर्विकासात निघाली आणि जागा रिकामी करायची तारीख आली. भाड्याच्या घरासाठी दलालाला "पार्किंग हवंय" म्हटलं की तो "कुठली गाडी?" विचारायचा आणि उत्तर ऐकल्यावर पुन्हा फोन उचलायचा नाही. शिवाय माझा उजवा गुडघा. एंटरप्राइजमध्ये वळण घेताना दरवेळी बूमखालून, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांडीखालून, वाकून पलीकडच्या बाजूला बसावं लागतं. साठीत ते जमत नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा त्याचा हिशेब मागतो.

जाहिरात टाकायच्या आधी मी तिची झडती घेतली. त्यासाठी सर्व्हेअर बोलवायची गरज नाही. स्क्रूड्रायव्हर, खडू, खिळा, जुना बनियन आणि बादली एवढ्यावर भागतं. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने सगळं अंग इंच इंच ठोकत जायचं. एफआरपी धड असेल तिथे टणक आवाज येतो. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड पाणी प्यायलेलं असेल, तर सुटलेल्या फरशीवर टकटक केल्यावर येतो तसा पोकळ, बसका आवाज. असा आवाज आला की तिथे खडूने गोल काढायचा. डोलकाठी उभी राहते त्या जागेभोवती गोलच गोल झाले. तिथे तळात एफआरपीच्या दोन थरांत प्लायवूड आहे. कधीतरी एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं असणार, आणि एकदा गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते.

किती पाणी मुरलंय हे आवाजावरून कळत नाही, वजनावरून कळतं. तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडे टांगता काटा आहे. सगळं सामान उतरवून नुसतं अंग त्याच्यावर लटकवलं. या वर्गात ते ९४ किलोच्या आसपास भरायला हवं. आकडा आला ११३. जास्तीच्या १९ किलोंत थोडं जुन्या डागडुजीचं रेझिन असेल, बाकीचं पाणी. भंगारवाल्याने तिथेच भावही सांगून टाकला: अॅल्युमिनियमची डोलकाठी आणि बूम किलोवर, स्टेनलेसच्या तारा किलोवर, आणि होडी? "ती तुम्ही परत घेऊन जा." त्याचं बरोबर होतं. पॉलिएस्टर रेझिन एकदा कडक झालं की वितळत नाही, त्यामुळे एफआरपीला भंगारात कोणी विचारत नाही. पण याहून खाली भाव जाणार नाही असा एक आकडा मला मिळाला, हे काही कमी नाही.

बाहेरचं पाणी कुठून आत येतं हे पाहायचं तर पाणी आत ओतून ते बाहेर कुठे येतं ते बघायचं. होडी ट्रेलरवर कोरडी करून ठेवली, आत चार बादल्या पाणी ओतलं आणि खाली आडवा होऊन बघत राहिलो. मधोमध खाली सोडायची फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, ज्या उभ्या पेटीत बसते त्या पेटीच्या बुडाशी थेंब धरायला लागला. तिथे केसाएवढी भेग होती. हवाबंद टाक्या, ज्यांच्या जोरावर उलटलेली होडी तरंगते, त्यांना साबणाचं पाणी फासून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा दिली. डावी ठीक. उजव्या टाकीच्या झाकणाभोवती बुडबुडे.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांवरून बनियन फिरवला. या तारा १९ बारीक तारांचा पीळ असतात, आणि त्यातली एखादी तुटली असेल तर डोळ्याला दिसण्याआधी कापडाला अडकते. उजव्या तारेच्या खालच्या टोकाला, जिथे ती दाबपट्टीत शिरते तिथेच, बनियन अडकला. ही तार बदलायचीच, यात चर्चा नाही. ती सुटली तर डोलकाठी माणसांच्या डोक्यात येते. डोलकाठीवर स्टेनलेसच्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी जमली होती. अॅल्युमिनियम, स्टेनलेस आणि खारं पाणी एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजतं, त्याची ती खूण. अजून वरवरची होती. शिडांवर खिळा घासून पाहिला तर कापड शाबूत, शिवण मात्र तटतट तुटत होती. उन्हाने दोरा आधी जातो, कापड मागाहून.

एवढी यादी हातात आल्यावर प्रश्न पडतो की यातलं काय दुरुस्त करून विकायचं. रबाळे एमआयडीसीत एफआरपीचं काम करणाऱ्या एका कारखान्यात अंदाज घेतला. तळ कापून ओलं लाकूड काढायचं, नवं मरीन प्लाय, त्यावर इपॉक्सी रेझिनमध्ये काचतंतूंच्या मॅटचे थर, पेटीचं बूड नव्याने बांधायचं, मजुरीसकट ४८ हजार. इपॉक्सी का, तर ते जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरतं. उलट इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही. म्हणजे पुढची डागडुजीही इपॉक्सीतच करावी लागते. सगळं करून होडी ८५ हजारांना गेली असती असा माझा कयास. म्हणजे हातात ३७ हजार, शिवाय पैसे आधी घालायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची.

खरा हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूने करायला हवा. ज्याला सगळं काम पैसे देऊन करून घ्यायचंय, त्याला ही होडी पस्तीसच्या वर परवडत नाही. ज्याला रेझिनचं काम स्वतःच्या हाताने येतं त्याचा खर्च मालापुरता, पंधरा-सोळा हजारांचा. तो पन्नासही देऊ शकतो. होडी तीच, खड्डे तेच. तेव्हा मला होडीचा शौकीन शोधण्यापेक्षा हातात कला असलेला माणूस शोधायचा होता, आणि असा माणूस नव्या रंगाला भुलत नाही, उघड्या भेगेला घाबरतही नाही.

म्हणून मोजकंच केलं. होडी धुतली. ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं आणि एक टायर बदलला, कारण जागची हलत नाही ती होडी कोणी घेत नाही. पुढचं छोटं शीड, जिब, तुर्भ्याच्या एका ताडपत्रीवाल्याकडे शिवायला टाकलं. त्याच्याकडे जाड कापडावर नागमोडी टीप घालणारं मशीन आहे, आणि उन्हात टिकणारा पॉलिएस्टर दोराही.

जाहिरातीत खडूचे गोल दाखवणारे फोटो टाकले, भेगेला मेजर टेप लावून काढलेला जवळचा फोटो टाकला, काट्यावरचा ११३ आकडाही टाकला. मजकूर असा होता: "एंटरप्राइज वर्गाची शिडाची होडी, एफआरपी, ट्रेलरसह. तळ मऊ, सेंटरबोर्डच्या पेटीला गळती, उजवी तार बदलणे आवश्यक. डोलकाठी सरळ. पाण्यात नेण्याआधी दुरुस्ती हवीच. नेरुळ. ५५ हजार." शेजारच्या देशपांडेकाकूंनी वाचून विचारलं, "ही विकायची जाहिरात आहे का न विकायची?"

साइटवर शिडाच्या होडीला खाना नव्हता, "इतर वाहने"मध्ये टाकावी लागली. मग फोन आले ते वाहनाचेच. इंजिन कुठलं? अॅव्हरेज किती देते? पासिंग एमएच ४३ का एमएच ४६? एकाने लोन होईल का विचारलं. एकाला पुण्याजवळच्या एका तळ्यात पर्यटक फिरवायचे होते, आठ-दहा माणसं बसतील का म्हणाला. दोन, आणि तीही हलत राहणारी, असं सांगितल्यावर फोन बंद. या सगळ्यांशी बोलण्यात फार वेळ गेला नाही, तेवढं जाहिरातीने केलं. फोटो नीट पाहिलेला माणूस पहिल्या वाक्यात ओळखू येतो. तो "तळ किती मऊ आहे?" असं विचारतो.

खारघरहून एक गृहस्थ त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीला शिडाची होडी शिकायची होती. मुलगी चुणचुणीत, गाठी मारायला लगेच शिकली. पण त्यांना मी होडी विकली नसती, त्यांनी मागितली असती तरी. त्या वयाला ऑप्टिमिस्ट ही डिंगी असते. जेमतेम २.३ मीटरची, एका मुलाने चालवायची, आणि त्या वर्गाच्या शर्यतीच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात. आधी क्लबात शिकू द्या, दोन हंगाम गेल्यावर होडीचं बघा, असं सांगून त्यांना चहा पाजून पाठवलं.

कर्जतकडे फार्महाऊस बांधणारा एकजण मात्र व्यवहारी निघाला. त्याला होडी उभी करून तिच्यात फळ्या ठोकायच्या होत्या आणि शिडं छताला टांगायची होती. तळ मऊ असो की टणक, त्याला फरक पडत नव्हता. "पंचवीस देतो, ट्रेलर तुमच्याकडेच राहू दे. फक्त निळा रंग मारून द्या." मनाला बरं वाटलं नाही हे खरं, पण भाव अगदी वाईट नव्हता, आणि होडीने पाण्यातच राहावं असा काही दंडक नाही. नाही म्हटलं नाही. थांबा म्हटलं. भंगारवाल्याच्या आकड्याच्या वर आता आणखी एक आकडा आला होता.

मग रबाळ्याहून दोघे आले, मेहुणे-मेहुणे. एक एफआरपीचे साचे करणारा कारागीर, पस्तिशीचा. दुसरे नौदलातून निवृत्त झालेले, नोकरीत असताना एंटरप्राइज चालवलेले. त्यांनी आल्या आल्या अवारींचा किस्सा मलाच सांगितला. कारागिराने नमस्कार केला, खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि बोलत बोलत होडी ठोकत फिरला. माझ्या गोलांपाशी मान डोलावली. मागे सुकाणूच्या कड्यांजवळ थांबला. "काका, खडू द्या." तिथे त्याने आणखी दोन गोल काढले. मला तिथला आवाज टणक वाटला होता. त्याने माझ्या हातात नाणं देऊन ऐकवलं, आणि तोच बरोबर होता. मुठीपेक्षा नाणं बारीक फरक पकडतं.

भाव बोलण्याआधी त्यांना होडी पाण्यात बघायची होती. शीड न लावता, धक्क्याला दोरीने बांधून, नुसती तरंगवून. रविवारशिवाय कारागिराला सुट्टी नव्हती आणि त्या रविवारी अष्टमी. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. सकाळी नको, संध्याकाळी सहा ठरलं. पण अष्टमी म्हणजे भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंत फरक पडतो. भांगाला पाणी धड वर चढत नाही आणि धड उतरत नाही. दिवाळ्याच्या उतारावर पोचलो तर सिमेंट संपून पाणी सुरू होण्यामध्ये चिखलाचा रुंद पट्टा. ओळखीचे नाखवा जाळं विणत बसले होते. "शेट, भांगाला कोन होरी उतरवतं?" असं म्हणत उठले आणि दोन लांब फळ्या घेऊन आले. त्या फळ्यांवरून ट्रेलर रेटत पाण्यापर्यंत नेला. कारागिराची चप्पल चिखलातच राहिली.

दोघांना लाइफ जॅकेट घालायला लावली, टाक्यांची झाकणं आवळली आणि त्यांना आत बसवलं. निवृत्त गृहस्थ सवयीने मागच्या बाजूला, सुकाणूच्या दांड्याशी जाऊन बसले. अर्ध्या तासाने मगाने पाणी उपसून मोजलं: पावणेदोन बादल्या. जवळजवळ सगळं पेटीच्या बुडातून. उजव्या टाकीत पेलाभर, डावी कोरडी. यादीत लिहिलं होतं तेच आणि तेवढंच निघालं, हे पाहून कारागीर मोकळा झाला. नाखवांनी होडीच्या अंगावरून हात फिरवला, आत डोकावले, म्हणाले, "आमचे कामाची नाय. जाळं कुठं ठेवाचं?" आणि पुन्हा विणायला बसले.

भाव तिथेच उतारावर ठरला. कारागिराने मोठ्याने आकडे मांडले: प्लाय, मॅट, रेझिन, दोन्ही बाजूच्या तारा (एक बदलली की दुसरीही बदलायची, हे योग्यच), मोठ्या शिडाची शिवण, आणि त्याच्या दोन नव्या गोलांचं काम. तो तीसवर आला. मी पंचेचाळीस म्हटलं. मजुरी त्याने धरलीच नव्हती. ती धरली असती तर मला उत्तर नव्हतं. मेहुण्यांनी शिडांचं वय काढलं, मी ट्रेलरचा नवा टायर काढला. कर्जतचा पंचवीसचा आकडा मी बोललो नाही, पण तो माहीत असल्यामुळे मला घाई नव्हती. चाळीसला येऊन दोघेही गप्प झाले आणि एकोणचाळीसला हात मिळवले. जादा सुकाणू, दोन वल्ही आणि दोऱ्यांचं बोचकं त्यातच. लाइफ जॅकेट मात्र दिली नाहीत. त्यांनी मागितली, पण ती जुनी झाली होती. धक्क्याला बांधलेल्या होडीत ठीक, भर खाडीत माणसाला नीट तरंगवतील याची मला खात्री नव्हती. खात्री नसलेली अशी वस्तू फुकटही देऊ नये.

कागद केला, आणि तो करावाच. ऑक्टोबर २०२४पासून शंभराचा स्टॅम्प पेपर गेला, आता पाचशेचा लागतो. बेलापूरच्या नोटरीने आजवर स्कूटरचे, फ्रीजचे, एकदा म्हशीचेही करार केले होते, शिडाच्या होडीचा पहिलाच. मसुदा मीच लिहून नेला: होडीचा वर्ग, लांबी, शिडावरचा क्रमांक, सोबत दिलेल्या वस्तूंची यादी आणि त्याखाली दोषांची यादी, कारागिराच्या दोन गोलांसकट. मग वाक्य: होडी जशी आहे तशी, जिथे आहे तिथे विकली असून दुरुस्तीविना पाण्यात नेल्यास जबाबदारी घेणाऱ्याची. दोषांची यादी इतकी लांब पाहून नोटरीने चष्म्यावरून कारागिराकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही हे वाचलंय ना?" तो म्हणाला, "निम्मं मीच लिहिलंय."

पैसे यूपीआयने आले, निम्मे त्याच्याकडून आणि निम्मे मेहुण्यांकडून. दुसऱ्या दिवशी ते टेम्पो घेऊन आले. होडी आत बसली, डोलकाठी मागे बरीच बाहेर आली, तिच्या टोकाला लाल फडकं बांधलं. सोसायटीचे सेक्रेटरी रिकाम्या झालेल्या पार्किंगपाशी येऊन उभे राहिले आणि तिथे पाहुण्यांची गाडी लावता येईल का विचारू लागले. बिल्डिंग पाडायला अवघे काही आठवडे उरले होते.

जिब अजून ताडपत्रीवाल्याकडेच होतं. पावती कारागिराला दिली आणि जाताना तुर्भ्यातून उचल म्हटलं. तासाभराने त्याचा तिथूनच फोन आला. शिवण मस्त झालीय, पण सहाशे बाकी आहेत, ते भावात धरले होते का नव्हते? मागून ताडपत्रीवाल्याचा आवाज येत होता, त्याला दुकान बंद करायचं होतं. ते सहाशे मी त्याला तिथल्या तिथे गूगल पे केले.